मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू काय करत असशील?

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. शिवाय पुण्यात करिअर समुपदेशन करायला लागून मला बावीस वर्षं झाली, आणि समोरच्याला ‘तुम्ही’ म्हटलं की तो पाठ ताठ करून मुलाखतीसारखी उत्तरं देतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय २८. सांगोला तालुक्यातलं गाव, राहुरीच्या विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री. पाच वर्षं सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलास, त्यातल्या एका वेळी चार गुणांनी मुलाखत हुकली. वडिलांनी एक एकर गहाण टाकलंय. गावात लोक आत्ताच ‘साहेब’ म्हणून हाक मारतात. गेल्या दिवाळीपासून अभ्यासिकेत खुर्चीवर बसलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. अशात कुणीतरी सांगितलं की तुझं ध्येय तुझ्या मूळ स्वभावाशी आणि जगण्याच्या उद्देशाशी जुळत नाहीये. म्हणून तू विचारतोस: स्वभाव आणि उद्देश ओळखायचे कसे? आणि ध्येय बदललं तर ती पळवाट ठरेल का?

माझ्या मते तुझं घोडं जरा अलीकडेच अडलंय. तू दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली आहेस. परीक्षेचा कंटाळा ही एक आणि त्या परीक्षेपलीकडच्या कामाचा कंटाळा ही दुसरी. पहिली तुला नक्की आलेली दिसते. दुसरीबद्दल तुला काहीच माहिती नाही, कारण ते काम तू अजून जवळून पाहिलेलंच नाहीस.

परीक्षा आणि नोकरी यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. एकटं बसून दहा तास वाचणं, टिपणं काढणं, पुन्हा वाचणं, हे ज्याला मानवतं तो माणूस उद्या तहसीलच्या खुर्चीत गुदमरू शकतो. उलटही होतं. माझ्याकडे एक मुलगी यायची, चार प्रयत्न हुकलेली. वाचायला बसली की पेंगायची. पण तिच्या होस्टेलवर पाण्याचा टँकर कधी मागवायचा, मेसवाल्या काकांशी दरावरून कोण बोलणार, दोघींचं भांडण कोण मिटवणार, सगळं तिच्याकडे. तिला मी सोड म्हटलं नाही. अभ्यासाची पद्धत बदल म्हटलं, दोघीतिघींनी मिळून मोठ्याने शिकवत वाचायला लावलं. आज ती पंचायत समितीत सहायक गट विकास अधिकारी आहे आणि मजेत आहे. तिला नकोसा होता तो फक्त अभ्यासिकेतला एकांत.

दुसरं म्हणजे नापास होणं हा स्वभावाचा पुरावा नाही. केंद्राच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेचे आकडे बघ. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१ उमेदवार आणि शेवटी निवड झाली १,०१६ जणांची. साधारण ५८० माणसांमागे एक. राज्यसेवेचं प्रमाण वेगळं, पण जात तीच. उरलेले पाचशे एकोणऐंशी काही चुकीच्या पिंडाचे नव्हते, जागाच तेवढ्या होत्या. त्यामुळे ‘झालं नाही, म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतंच’ हे वाक्य मनाला बरं वाटलं तरी त्यावर विसंबू नकोस. ‘स्वभावाला धरून ध्येय ठेवलं की यश आपोआप येतं’ असं सांगणाऱ्यावर तर मुळीच नको.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तो मी तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली, जुनी सवय. ‘पोस्ट’ हा शब्द सात वेळा आलाय, ‘साहेब’ पाच वेळा. त्या पोस्टवर बसून माणूस दिवसभर काय करतो याबद्दल एक ओळ नाही. आणि मध्येच, विषय सोडून, सहा ओळी डाळिंबावर. गेल्या वर्षी गावी गेलास तेव्हा शेजारच्या बागेत तेल्या, म्हणजे फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग, आला होता. छाटणीची कात्री एका झाडावरून थेट दुसऱ्या झाडावर चालवत होते ते तू थांबवलंस, दर झाडागणिक कात्री औषधाच्या पाण्यात बुडवायला लावलीस, रोगट फांद्या गोळा करून बागेबाहेर जाळायला लावल्यास, आणि बहार कुठला धरावा यावर त्या काकांशी दोन तास वाद घातलास. या सहा ओळींनंतर तू लिहितोस, ‘असो, विषयांतर झालं.’

मला ते विषयांतर वाटलं नाही. पण लगेच उडी मारू नकोस, त्याबद्दल पुढे बोलते.

स्वभाव म्हणजे काय, याची माझी कामापुरती व्याख्या साधी आहे: कुणी सांगितलं नाही, पैसे मिळणार नाहीत, कुणी बघतही नाही, तरी माणूस जे करून बसतो ते. अबोल की बोलका, रागीट की शांत, हे त्यात येतं पण ते वरवरचं. आपल्याकडे ‘स्वभावाला औषध नसतं’ असं कपाळाला हात लावून म्हणतात. मला ती तक्रार न वाटता माहिती वाटते. बदलत नाही, म्हणजे निदान मोजता तरी येतं.

चाचण्या असतात, मीही घेते. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेली एक कल्पना आजही बऱ्याच कल चाचण्यांच्या बुडाशी आहे. माणसांचे कल ढोबळमानाने सहा प्रकारचे असतात आणि कामाच्या जागाही त्याच सहा प्रकारच्या असतात, दोन्ही जुळले तर माणूस टिकतो. हातांनी वस्तू-यंत्र-माती हाताळणारा, खोदून शोध घेणारा, कलेत रमणारा, माणसांना शिकवणारा-सावरणारा, माणसांना वळवून पुढे नेणारा, आणि नोंदी-आकडे-नियम चोख ठेवणारा. तुझ्या धाकट्या भावंडांपैकी कुणी दहावीला शाळेत कल चाचणी दिली असेल, २०१६ पासून काही वर्षं बोर्ड ती घ्यायचं. या चाचण्यांचा उपयोग आहे, पण त्यांत माणूस स्वतःबद्दल जे मानतो तेच उतरतं. पाच वर्षं ‘मला अधिकारी व्हायचंय’ असं रोज घोकलेल्या मुलाने पेपर सोडवला की उत्तर काय येणार? ‘लोकांचं नेतृत्व करायला आवडतं’ यापुढे तो टिक करणारच. अशा मुलांच्या अहवालावर मी अर्धाच विश्वास ठेवते.

माझंच सांगते. समुपदेशनात पडण्याआधी नऊ वर्षं मी एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. उपप्राचार्य व्हायचं हे मी सहा वर्षं मनात धरलं होतं, आणि झालेही. का व्हायचं होतं? आमच्या आत्याने एकदा चारचौघांत म्हटलं होतं, ‘आपल्या घरात कुणी प्राचार्य झालेलं नाही, ही होईल.’ बस, एवढंच. खुर्चीत बसल्यावर वेळापत्रकं, नॅकच्या म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, रजेचे अर्ज, कुणाचा तास कुणाला. एका दुपारी विद्यापीठाच्या पत्राला पाच वाजेपर्यंत उत्तर जायचं होतं. साडेतीनला दुसऱ्या वर्षाची एक मुलगी दारात आली, शाखा बदलायची म्हणून रडत. मी दार लावून घेतलं. ती उठली तेव्हा शिपाईकाका व्हरांड्यातले दिवे लावत होते. पत्र टेबलावर तसंच. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला आणि तो योग्यच होता, त्यात कॉलेजची काही चूक नव्हती. पण मेमो हातात धरून मला जे वाटलं त्याची गंमत वाटते अजून. पत्र राहिल्याची खंत फार नव्हती. त्या मुलीला शुक्रवारी परत बोलवायला विसरले, याची रुखरुख होती. पद सोडायला त्यानंतरही मला चौदा महिने लागले, कारण आत्याला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

तुझ्या गावातले ‘साहेब’ म्हणणारे लोक माझ्या आत्यासारखेच आहेत. वाईट कुणीच नाही. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना आपली तहान किती, हे कळत नाही.

आता एक काम कर. समज, निकाल लागला. यादीत नाव आलं. चौकात बॅनर लागला, उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, गुलाल उधळला, सत्कार झाले. प्रशिक्षण संपलं, पहिली नेमणूक मिळाली, बॅनर पावसात फाटून गेला. त्यानंतरचा एक साधा मंगळवार. सकाळचे अकरा वाजलेत. तू काय करतोयस?

बहुतेक मुलं इथे गप्प होतात. गाडी, बंगला, सलाम, ‘समाजसेवा’ इथवर येतात आणि थांबतात. तेव्हा मीच सांगते, नायब तहसीलदार-तहसीलदारांकडून ऐकलेलं. शेतात जायचा रस्ता अडवला म्हणून मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली केस. समोर दोन सख्खे चुलत भाऊ, दोघांचे वकील, दोघांकडे आजोबांच्या काळातली कागदं. दोघांनाही आपलंच खरं वाटतंय. तू स्थळपाहणी करणार, निकाल देणार, आणि एकजण तुझा जन्माचा वैरी होऊन बाहेर पडणार. ही केस चालू असताना फोनवर कुठल्या तरी दौऱ्याची व्यवस्था. दुपारी निराधार योजनेचे अर्ज. गारपीट झाली की पंचनामे, आणि कुणाचं नाव यादीत राहिलं म्हणून दारात गर्दी. रात्री वाळूच्या गाड्या. निवडणूक लागली की दोन-तीन महिने घर विसरायचं. यात उपयोगी पडण्याच्या जागा भरपूर आहेत, एका सहीने एखाद्या म्हातारीचं आयुष्य सरळ होतं. पण कामाचा गाभा आहे तो दोन नाराज माणसांमध्ये उभं राहून निर्णय द्यायचा आणि रात्री झोपायचं.

एक मुलगा माझ्याकडे नायब तहसीलदार होऊन दोन वर्षं झाल्यावर आला होता. हुशार, प्रामाणिक, पण निर्णय दिला की त्याला झोप लागायची नाही. हरलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. त्याच मुलाला जुने सातबारे आणि मोजणीचे नकाशे पुढ्यात टाकले की चूक कुठे शिरली हे तो तासाभरात काढून द्यायचा, आणि जेवायला उठवावं लागायचं. त्याने नोकरी सोडली नाही, मीही सुचवलं नाही. बदली मागून अभिलेखाच्या कामावर गेला. मलईची खुर्ची सोडली म्हणून सोबतचे हसले. ध्येय तेच राहून त्यातली जागा बदलली, असंही होतं. सगळं सोडून डोंगरात जायची गरज बहुतेकांना पडत नाही.

इथे कुणीतरी गीतेतला स्वधर्म आणणारच, म्हणून मीच आणते. दुसऱ्याचा धर्म उत्तम आचरण्यापेक्षा आपला धर्म उणा असला तरी बरा, ही अर्धी ओळ गीतेत दोनदा येते, तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायात. ती आपल्याकडे फार काळ जन्माला बांधून वापरली गेली. बापाने जे केलं तेच पोराने करावं, या अर्थाने. तो अर्थ धरला असता तर माझ्यासमोर बसणाऱ्या निम्म्या मुलामुलींनी पुण्याची एसटी धरायलाच नको होती. तो अर्थ मी सोडून देते. पण अठराव्या अध्यायात त्या ओळीच्या लगेच पुढच्या श्लोकात एक गोष्ट आहे ती मला रोजच्या कामात उपयोगी पडते: विस्तवाला जसा धूर, तसा प्रत्येक कामाला काही ना काही दोष चिकटलेला असतो.

म्हणून मी ‘तुला काय आवडतं’ हे कमी विचारते आणि ‘तुला कुठला धूर सोसवतो’ हे जास्त विचारते. महसूल खात्याचा धूर वर सांगितला. शेतीच्या वाटांनाही धूर आहेच. खतं-बियाणं-औषधांचं दुकान टाकलंस तर उधारी. पीक गेलं की ज्याच्याकडून पैसे मागायचे तो तुझा मामा असतो. ठिबकच्या किंवा औषधांच्या कंपनीत लागलास तर महिन्याचं टार्गेट, आणि गरज नसलेलं औषध खपवायची वेळ. कृषी खात्यात गेलास तर अनुदानाच्या याद्या आणि ऑनलाइन अर्जांची कटकट. स्वतःची बाग लावलीस तर तेल्या तुझ्याच झाडांवर येणार, शेजाऱ्याच्या नव्हे, आणि तेव्हा दोन तास वाद घालायची मजा राहणार नाही. मघाशी उडी मारू नकोस म्हटलं ते यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्याच्या बागेत सल्ला देणं आणि त्यावर घर चालवणं यांत पुष्कळ अंतर आहे.

तरीही त्या सहा ओळी मला महत्त्वाच्या वाटतात, आणि आणखी एका वाक्यासाठी. तू ओझरतं लिहिलंयस की कृषी सेवेचा फॉर्म कधी भरलाच नाही, कारण रूममेट म्हणाले ती ‘दुय्यम’ पोस्ट. अरे, ज्या विषयाची पदवी आहे, ज्याबद्दल विचारलं नसताना बोलतोस, ज्याची परीक्षा राज्यसेवा घेणारा तोच लोकसेवा आयोग घेतो, आणि निवड झाली तर ज्यात मंडळ किंवा तालुका कृषी अधिकारी म्हणून बागेबांधावर जावं लागेल, ते दुय्यम कुणी ठरवलं? ज्याने ठरवलं तो स्वतः तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत अडकलाय, असंही तूच लिहिलंयस. मी त्याला हसत नाही, पण त्याच्या मापाने तू स्वतःला का मोजावंस?

‘जीवनाचा उद्देश’ या शब्दाबद्दल थोडक्यात. मी तो फारसा वापरत नाही. अठ्ठावीसच्या वयात तो डोंगरावर बसून सापडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. त्याऐवजी मी विचारते: कुणाची कुठली अडचण बघितली की तुझे हात शिवशिवतात? त्याचं उत्तर सहसा मोठं नसतं, एखाद्या बागेएवढं असतं. पुरतं.

आता हे सगळं स्वतःपुरतं तपासायचं कसं, ते सांगते. पंधरा दिवस एक साधी वही ठेव, मोबाइलमध्ये नको. दर दोन तासांनी एक ओळ: किती वाजता, काय केलं, आणि शेवटी दोनपैकी एक शेरा, ‘उरकलं’ किंवा ‘वेळ कळला नाही’. भावना लिहायच्या नाहीत, कारणं लिहायची नाहीत. थकवा आला असेल तर कुठला ते मात्र लिहायचं. थकवे दोन असतात, शेतकऱ्याच्या पोराला मी हे काय सांगू. मळणीच्या दिवशी अंग मोडून येतं पण भाकरी गोड लागते. आणि सरकारी कचेरीच्या बाकावर दिवसभर नुसतं बसून आलं तरी माणूस पिळून निघतो. एकाच्या वहीतलं एक पान, त्याला विचारून, इथे देते. ‘८.१०, चालू घडामोडींची वीस पानं, उरकलं. १०.३०, राज्यघटना, कलमं पाठ, उरकलं, डोकं जड. १२.१५, खालच्या मजल्यावरच्या मुलाला नफा-तोटा समजावला, वेळ कळला नाही, मेस बंद झाली, वडापाव खाल्ला. ३.००, भूगोल, झोप.’ पंधरा दिवसांत ‘वेळ कळला नाही’ सात वेळा आलं होतं. सातही वेळा समोर एक माणूस आणि मध्ये एक गणित होतं. आम्ही दोघांनी वही शेजारी बसून वाचली तेव्हा तो हसला आणि मग बराच वेळ बोललाच नाही. आता लातूरला गणिताचे क्लास घेतो. फी मागायची वेळ आली की अजून त्याच्या पोटात गोळा येतो, तसं फोनवर सांगतो. हा त्याचा धूर.

वही भरून झाली की दोन मंगळवार खर्च कर. एक सांगोल्याच्या तहसील कार्यालयात, सुनावणीच्या वेळी मागे नुसता उभा राहा, कुणाला सांगू नकोस साहेब व्हायचंय म्हणून. दुसरा कृषी खात्याच्या गावोगाव फिरणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या मागे मोटारसायकलवर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जमलं तर तिथेही एक चक्कर टाक, निदान तेल्यावरून तुझा त्या काकांशी झालेला वाद तरी मिटेल. दोन्ही दिवसांची पानं त्याच वहीत लिही. तुला तहसीलच्या सुनावणीत रस वाटला, दोन भावांचं भांडण ऐकताना ‘मी असतो तर असा निकाल दिला असता’ असं मनात आलं, तर माझा अंदाज चुकला असं समज आणि परत अभ्यासाला लाग. असं झालेलं आहे.

हे सगळं परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. तू कुठल्या प्रवर्गातून आहेस, घरात आणखी कमावतं कोण आहे, गहाणाची मुदत कधी संपते, बहिणीचं लग्न राहिलंय का, हे तू लिहिलेलं नाहीस. सहा महिन्यांत पैसे उभे करायचे असतील तर स्वभाव वगैरे बाजूला ठेव आणि मिळेल ती सरळ नोकरी धर. त्यात कमीपणा नाही. सांगलीच्या एक बाई बँकेत कारकून होत्या, बत्तीस वर्षं, काम मुळीच आवडायचं नाही, पण चोख करायच्या. सहानंतर गल्लीतल्या बायकांची भजनं बसवायच्या, आणि त्यांचा सगळा जीव तिथे. त्यांनी कधी बँकेकडून आनंदाची अपेक्षा केली नाही, त्यामुळे बँकेवर रागही धरला नाही. माणसाचा पिंड पगाराच्या कामातच मावला पाहिजे, हा हट्ट गेल्या काही वर्षांतला आहे.

वयाचंही एक. खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत दार उघडं आहे, आणि २०२५ च्या राज्यसेवेपासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. त्यामुळे अभ्यासिकेत सध्या जो तो म्हणतोय, ‘आता सगळ्यांचीच पाटी कोरी, एक संधी घेऊन बघू.’ ज्याला खरंच लिहिता येतं त्याच्यासाठी ते खरं असेल. बाकीच्यांसाठी मुदत वाढवून घेण्याचं हे आणखी एक निमित्त आहे. ‘पाच वर्षं घातली, आता कसं सोडू’ हे वाक्य मी रोज ऐकते. पाच वर्षं गेलीच, सहावं घातल्याने ती परत येत नाहीत.

पळवाटेचं म्हणशील तर माझी खूण अशी. पळणारा माणूस कशापासून लांब जातोय ते तासभर सांगतो, कुठे चाललाय ते विचारलं की ‘बघू’ म्हणतो. वाट बदलणाऱ्याला पुढचं काम माहीत असतं, अगदी बारीकसारीक, आणि त्या कामातला त्रासही त्याला सांगता येतो. आज तू पहिल्या गटात आहेस. म्हणून आज निर्णय घेऊ नकोस. वही भरेपर्यंत थांब. छातीवरचा दगड मात्र रात्रीही उतरत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर हे सगळं नंतर. आधी डॉक्टरला भेट. तो करिअरचा प्रश्न नाही.

वडिलांशी बोलायला तुला भीती वाटते. साहजिक आहे. माझा अनुभव असा की अशा वेळी मुलं ‘माझं मन लागत नाही’पासून सुरुवात करतात आणि बापाला वाटतं पोरगं हरलं. त्यापेक्षा आकड्यांपासून सुरू कर. पुण्याचा महिन्याचा खर्च इतका, गहाण सोडवायला इतके, मी अमुक नोकरी धरली तर इतक्या महिन्यांत सुटतं, आणि सोबत कृषी सेवेची परीक्षा देतो. शेतकऱ्याला हिशोब कळतो. रानात चालता चालता बोल, घरात माणसांसमोर नको.

आणि एक माझं काम आहे. माझ्या मामेभावाची मंगळवेढ्याला दोन एकर डाळिंबाची बाग आहे. फळांवर तेलकट डाग दिसायला लागलेत आणि तो कात्री कशात बुडवायची ते मला विचारतोय, जसं काही मला कळतं. तू त्या काकांना कुठलं औषध आणि किती पाण्यात सांगितलं होतंस, ते खाली लिही. उत्तर किती ओळींचं येतं ते मी मोजणार आहे.